मधल्या दोन तारा

आमच्या संपादकांची अशी एक ठाम समजूत आहे की परदेशी जाऊन आलेला माणूस आपोआप खुसखुशीत लिहू लागतो. "दिवाळी अंकासाठी त्या स्कॉटलंडवरच लिहा ना काहीतरी," असा त्यांचा गणपतीपासून लकडा चालला आहे. आता, वाचकहो, खरे सांगायचे तर एडिंबरोच्या दोन महिन्यांपैकी बराचसा काळ मी लेकीच्या घरात दोन-दोन मोजे चढवून खिडकीतून पाऊस पाहण्यात घालवला. त्यात खुसखुशीत असे काही नाही. पण तिथे मी एका संध्याकाळी गाण्याला गेलो होतो. गाण्याला म्हणजे वाजवण्याला. ती हकीकत सांगतो. खुसखुशीत निघाली नाही तर फराळाच्या डब्यात एखादी करंजी मऊ पडतेच, असे समजून घ्यावे.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना आमच्या घरातले व्हायोलिन ठाऊक आहे. ते माझे नव्हे. माझे आणि सुराचे नाते ऐकण्यापुरतेच. व्हायोलिन आमच्या हिचे. लग्नाआधीपासून ती शिकत होती, लग्नानंतर मुलीच्या शाळेच्या वेळा, सासूबाईंची पथ्ये आणि माझी कचेरी सांभाळून शिकत राहिली. जमिनीवर मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे घेऊन, व्हायोलिनचे डोके त्या पावलावर टेकवून ती वाजवायला बसे. आपल्याकडे ही बैठक फार सोयीची. वाद्य दोन्हीकडून टेकलेले असते, मग डावा हात तारेवर वरखाली घसरायला मोकळा राहतो आणि मींड निघते. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, दातार ही सगळी थोर माणसे तिच्या बोलण्यात घरच्या नातेवाइकांसारखी येत. तिला जाऊन आता चार वर्षे झाली. व्हायोलिन कपाटावर असते. दर खंडेनवमीला मी ते खाली काढतो, पुसतो, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतो, आणि पुन्हा वर ठेवतो.

यंदा ते विमानात माझ्या मांडीवर बसून एडिंबरोला आले. नात रेवा तिथे व्हायोलिन शिकते. ती तेरा वर्षांची झाली, लहान मापाचे भाड्याचे वाद्य तिला पुरेना, आणि लेकीने फोनवर, चार वेळा विषय बदलून, शेवटी विचारले, "बाबा, आईचं व्हायोलिन आणाल का?"

आणले. पण देववेना.

कारण असे झाले की रेवाच्या शिक्षिकेने ते पाहिले, उलटसुलट करून वाखाणले आणि म्हणाली, तारा सगळ्या बदलाव्या लागतील आणि आमच्या पद्धतीने लावाव्या लागतील. त्यांची पद्धत म्हणजे जी, डी, ए, ई. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर. आमच्या हिची पद्धत म्हणजे प, सा, प, सा. दोन तारा पंचमाला, दोन षड्जाला. ऐकल्याबरोबर माझ्या कपाळावर आठी चढली. मी म्हणालो, "त्या तारा तिने लावलेल्या आहेत." शिक्षिकेला मराठी येत नव्हते. लेकीला येत होते, आणि तिने त्याचे भाषांतर केले नाही. व्हायोलिन माझ्या खोलीत कपाटात गेले. पुढचे तीन आठवडे घरात कुणी त्याचे नाव काढले नाही. आमच्या कुटुंबात भांडणे अशीच होतात. आवाज होत नाही, फक्त चहाचे कप जरा जोरात ठेवले जातात.

अशा दिवसांत लेक एका संध्याकाळी तिकिटे घेऊन आली. तीन तिकिटे, मी, ती आणि रेवा. जावई घरी भात लावणार होते. कार्यक्रम अशर हॉलमध्ये, आणि सगळे संगीत स्कॉटलंडवरून सुचलेले.

या अशर हॉलची एक गंमत सांगण्यासारखी आहे. अँड्र्यू अशर नावाचे एक गृहस्थ व्हिस्की गाळण्याच्या धंद्यात गबर झाले. त्यांनी १८९६ साली शहराला गाण्याचे सभागृह बांधण्यासाठी एक लाख पौंड दिले. मग जागा कुठली, यावर शहराने खल सुरू केला. दाते १८९८ मध्ये वारले, सभागृह उघडले १९१४ मध्ये. पुण्याच्या माणसाला हे वाचून एकदम घरी आल्यासारखे वाटले. आयुष्यात ज्याने ताकापलीकडे काही घेतले नाही असा मी व्हिस्कीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या गोल, घुमटाच्या इमारतीत शिरलो. साडेसात वाजले होते आणि बाहेर अजून उजेड होता.

वादक येऊन बसले. ओबो नावाच्या सुषिर वाद्याने एकच सूर धरला आणि सत्तर-ऐंशी वाद्ये त्या सुराला लागली. हा अर्ध्या मिनिटाचा गलका मला फार आवडला. आपल्याकडे तंबोरा जुळेपर्यंत श्रोते सुपारी कातरतात, इथे सगळे सभागृह गप्प बसून तो सूर जुळताना ऐकत होते. रेवा माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा, हा ए." मी मनात म्हटले, पांढरी सहा.

पहिला तुकडा मेंडेल्सनचा, 'हेब्रिडीज'. हा जर्मन मुलगा १८२९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, क्लिंगमान नावाच्या मित्राबरोबर स्कॉटलंडात हिंडायला आला. पश्चिमेच्या समुद्रात स्टाफा नावाचे एक बेट आहे आणि त्यात फिंगलची गुहा. तिच्या भिंती म्हणजे बेसॉल्टचे षट्कोनी खांब, एकाला एक लागून, कुणी तासून उभे केल्यासारखे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा दगड परका वाटणार नाही. तीही अशाच खांबांची आहे. सगळे म्हणतात, मेंडेल्सनला ती गुहा पाहून हे संगीत सुचले. पण त्याने घरी पाठवलेल्या पत्रात सुरुवातीच्या ओळी स्वरलिपीत लिहून दिल्या आहेत, त्या पत्राची तारीख ७ ऑगस्ट, आणि गुहा पाहिली ८ ऑगस्टला! पाहिली ती तरी कशी? बोट लागून बेजार झालेल्या अवस्थेत. म्हणजे जे लोक आजवर त्या संगीतात गुहा ऐकत आले ती गुहा लिहिणाऱ्याने तोवर पाहिलीच नव्हती.

हे मला लेकीने सांगितले तेव्हा मी तोंडाने "छे!" म्हणालो. पण वाजू लागले तेव्हा ते अगदी लाटांसारखे होते. एक छोटीशी उतरती ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच, जरा वेगळ्या उंचीवर. हर्णैच्या किनाऱ्यावर ओहोटीला बसून राहिले की जसे होते तसे झाले. दहा मिनिटांत संपले, मला अजून थोडा वेळ हवे होते.

मग व्हायोलिन वाजवणारी आली. तरुण बाई, हिरव्या रंगाचा पायघोळ झगा, केस मागे घट्ट बांधलेले. मी आधी तिचे वाद्यच पाहिले. ते हनुवटीखाली, आणि बाई उभी. अर्धा तास ही उभी राहून वाजवणार, या विचाराने माझेच पाय दुखले.

हा तुकडा माक्स ब्रुखचा. 'स्कॉटिश फँटसी' म्हणून प्रसिद्ध आहे. ब्रुख हाही जर्मनच, कोलोनचा. आणि इथे तर मेंडेल्सनच्याही पुढची मजल आहे. १८८० साली त्याने हे पुरे केले, तेव्हा त्याने स्कॉटलंडात पाऊलसुद्धा टाकले नव्हते. मग चाली कुठून आणल्या? पुस्तकातून. एडिंबरोत जेम्स जॉन्सन नावाचा एक कोरीवकाम करणारा कारागीर होता, त्याने १७८७ ते १८०३ पर्यंत सहा भागांत सहाशे स्कॉच गाणी छापली. त्या कामात रॉबर्ट बर्न्स कवीने जीव ओतला, गावोगावची गाणी गोळा केली, फाटलेली जोडली, नसलेले शब्द स्वतः घातले, आणि पैसा घेतला नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जशा गोळा केल्या, त्याच जातीचे हे वेड. ते पुस्तक ब्रुखला म्युनिकच्या ग्रंथालयात सापडले. त्याने चार चाली उचलल्या, त्यांत हार्प मिसळली आणि सारासाते नावाच्या स्पॅनिश व्हायोलिनवादकाला अर्पण केल्या. म्हणजे स्कॉटलंडची गाणी, जर्मन माणसाने बांधलेली, स्पॅनिश माणसाला वाहिलेली. आणि ऐकायला स्कॉच माणसे तिकिटे काढून बसली होती. कुणी "आमच्या चाली बिघडवल्या" म्हणत उठून गेले नाही. मी आजूबाजूला पाहून घेतले.

सुरुवात अंधारी आहे. पितळी वाद्ये खालच्या सुरात काहीतरी गंभीर सांगतात, व्हायोलिन त्यावर एकटेच बोलते, जसे कुणी वयस्क माणूस पडक्या वाड्यात फिरताना स्वतःशी पुटपुटते. मग पहिले गाणे येते. बाईंनी एक सूर घेतला, गज इंचाइंचाने ओढत नेला, आणि त्या सुरावरून वरच्या सुरावर गेली ती उडी मारून नव्हे, घसरत. अगदी किंचित. पण घसरत. मी सरसावून बसलो. मींडच ती! त्यांच्यात तिला वेगळे नाव असेल. तो भाग हळूहळू विरून गेला, शांत झाले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "वा! क्या बात है!"

अशर हॉलमध्ये सुमारे दोन हजार माणसे मावतात. त्यांपैकी पुष्कळांनी माझे हे उद्गार ऐकले असावेत. तिथे रिवाज असा की चार भाग असतील तर चारही संपेपर्यंत टाळी नाही, दाद नाही, खोकला आला तर तोही दोन भागांच्या मध्ये. लेकीने माझे मनगट धरले. रेवा खुर्चीत खाली घसरली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिले. मला वाटले, आता काही खरे नाही. पण त्या हसल्या आणि त्यांनी मान डोलावली, आपल्याकडे समेवर डोलावतात तशी. मला त्या क्षणी त्या बाईंना फराळाचे ताट नेऊन द्यावेसे वाटले.

दुसरा भाग नाचाचा, पिठाने माखलेल्या गिरणीवाल्याच्या गाण्याचा. उड्या मारत जातो आणि न थांबता तिसऱ्यात मिसळतो. तिसऱ्या गाण्याचे नाव लेकीने कागदावर मराठीत लिहून दाखवले, 'जॉनीवाचून मी पार खचले आहे'. यावर मी काही लिहीत नाही. चौथा भाग म्हणजे पोवाडा. चाल अशी की १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत रॉबर्ट ब्रूसच्या सैन्यापुढे ती वाजली अशी तिथली परंपरा सांगते. बर्न्सने १७९३ मध्ये तिला शब्द दिले, आणि ब्रुखने भागाच्या माथ्यावर 'युद्धाच्या आवेशात' अशा अर्थाची सूचना लिहिली. बाई तो आवेश चारही तारांवर एकदम गज मारून आणत होती. गजाचे दोन केस तुटून लोंबू लागले, तिने मध्येच झटक्यात तोडून टाकले आणि पुढे गेली. संपले तेव्हा मी मुद्दाम सर्वांत शेवटी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेनात. बाई तीनदा आत गेली, तीनदा बाहेर आली. चौथ्यांदा तिने व्हायोलिन उचलले आणि लोकांकडे पाहून हळू आवाजात काहीतरी सांगितले. मला 'नील गौ' एवढेच ऐकू आले आणि मनात उगीच नीलगाय उभी राहिली. मी लेकीला खुणेने विचारले. ती लगेच बोलली नाही. मग कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, नील गौ म्हणून जुना फिडलवाला होता इथला. त्याची दुसरी बायको गेली, त्यावर त्याने केलेली चाल आहे."

दुसरी, म्हणजे पहिलीचेही त्याने पाहिले होते.

मागे वाद्यवृंद आपापली वाद्ये मांडीवर घेऊन स्वस्थ बसला होता. एकटे व्हायोलिन. मला वाटले होते, आता रडके काही येईल. कोमल सुरांनी भरलेले, मारव्या-श्रीसारखे कातरवेळचे. तसे काही नव्हते. सगळे स्वर शुद्ध. साधी, सरळ, जवळजवळ आनंदी चाल. एखाद्या माणसाने तिच्या आठवणी सांगाव्यात आणि त्यांत भांडणाची एकही नसावी, तशी. चाल वर चढते, वरच्या सुराशी थोडी थांबते, आणि उतरताना घाई करीत नाही. दोनदा वाजवली. मोजून पाच मिनिटेही झाली नसतील.

मी या वेळी "वा" म्हटले नाही.

मध्यंतरात तिथे आइस्क्रीमच्या छोट्या डब्या विकतात, बाहेर बोचरी हवा असताना. रेवाने एक घेतली. लेकीने फोनवर मला त्या नील गौचे चित्र काढून दाखवले. हेन्री रेबर्न या मोठ्या चित्रकाराने रंगवलेले आहे आणि एडिंबरोच्याच राष्ट्रीय संग्रहात आहे. चौकड्यांची तुमान, लांब मोजे, राठ चेहऱ्याचा म्हातारा, आणि खुर्चीवर बसून वाजवतो आहे. बसून! मला उगीचच बरे वाटले. जन्म १७२७, मृत्यू १८०७. विणकराच्या घरातला. अॅथोलच्या ड्यूकांचा आश्रय होता, लग्नकार्यात आणि नाचात वाजवायचा, बर्न्स त्याला १७८७ मध्ये मुद्दाम जाऊन भेटला होता. बायकोचे नाव मार्गारेट अर्कहार्ट. तिच्याबरोबर तीस वर्षांहून अधिक संसार झाला, ती १८०५ साली गेली. तो तेव्हा अठ्ठ्याहत्तरीला आलेला.

"म्हणजे वाजवणं सोडलं नाही त्याने," लेक म्हणाली. मी रेवाच्या डबीतले आइस्क्रीम मागितले. मला आइस्क्रीम चालत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिने दिले.

उत्तरार्धात पुन्हा मेंडेल्सन, त्याची 'स्कॉटिश' सिंफनी. तिचा उगम आम्ही आदल्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिला होता. होलीरूडच्या राजवाड्याला लागून एक जुने देवालय आहे, छप्पर नसलेले, भिंतींत गवत. त्याच राजवाड्यात मेरी राणीच्या डोळ्यांदेखत तिच्या रिझ्झिओ नावाच्या चिटणिसाला १५६६ साली भोसकून मारले. तो मूळचा गवई. ३० जुलै १८२९ च्या संध्याकाळी मेंडेल्सन तिथे उभा राहिला आणि सिंफनीची सुरुवात त्याला सुचली. मग ती पुरी कधी झाली? १८४२ मध्ये! तेरा वर्षे. आमच्या संपादकांना हे मी ठळक अक्षरांत दाखवणार आहे. त्यातही मौज अशी की त्याच प्रवासात, स्कॉटलंडहून परतताना, वेल्समधून घरी लिहिलेल्या पत्रात याच गृहस्थाने लोकसंगीतावर आग पाखडली आहे. खानावळीखानावळीत हार्प वाजवणारे बसलेले, त्यांना तो पुरता विटला होता.

पहिला भाग धुक्याचा. दुसरा सुरू झाला आणि क्लॅरिनेटने एक चाल घेतली. चपळ, नाचरी, पाच सुरांत खेळणारी. मी ताठ झालो. सा रे ग प ध. आपला भूप!

आता इथे थोडे मागे जायला हवे. काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडला, तेव्हा आम्ही दोघे संचलन पाहायला गेलो होतो. शेवटी मुले संथ पावले टाकीत निघतात आणि बँड एक स्कॉच चाल वाजवतो, 'ऑल्ड लँग साइन'. तिचे शब्द बर्न्सचेच. रवींद्रनाथांनी तिच्यावरून बंगालीत गाणे केले हे अनेकांना माहीत असेल. सगळ्या आया डोळे पुसत होत्या. आमच्या हिने डोळे पुसता पुसता माझ्या दंडाला कोपर मारले आणि म्हणाली, "अहो, हा तर भूप!" आणि खरेच, मध्यम नाही, निषाद नाही. पुढे घरी येऊन तिने तो व्हायोलिनवर वाजवला, सुरुवातीला त्या बँडसारखा, आणि मग न सांगता 'सहेला रे'च्या अंगाने. दोहोंच्या मधला सांधा मला कळलाच नव्हता.

तर त्या क्लॅरिनेटची चाल ऐकली आणि मी डावीकडे वळून कोपर उचलले. डावीकडे लेक होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या आधी तीच हळूच म्हणाली, "भूप ना, बाबा?"

पुढच्या दोन भागांविषयी मला फारसे सांगता येणार नाही. एवढेच, की या सिंफनीचे भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत असे मेंडेल्सनने लिहून ठेवले आहे. त्यामुळे चुकीच्या जागी दाद देण्याचा धोका मला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. जावयांनी भात लावला होता आणि आमटी थोडी लागली होती, ते कुणी बोलले नाही. जेवण झाल्यावर मी खोलीत गेलो, व्हायोलिन काढले आणि बाहेर आणून बैठकीच्या मेजावर ठेवले. उघडले मात्र नाही. रेवाने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे. मग रेवाने उघडले. तिने आधी बोटाने एक तार छेडली. मग दुसरी, तिसरी, चौथी. आणि तिचा चेहरा लहान मुलांचा कडू औषध घेतल्यावर होतो तसा झाला.

"आजोबा, आजीने हे काय लावलंय?"

"प, सा, प, सा," मी म्हणालो.

तिने पुन्हा छेडल्या. फोनवर सूर दाखवणारे काहीतरी असते ते काढून समोर धरले. "नाही, आजोबा. हा कुठलाच सा नाही. दोन्ही सा वेगळे आहेत." ती चिडवत नव्हती. तिला खरेच कळेना, आजी असे कसे वाजवायची ते.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाल्याचा आवाज आला.

चार पावसाळे, चार उन्हाळे, आणि शेवटी विमान. खुंट्या लाकडाच्या असतात, फुगतात, आकसतात, सुटतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ती तर रोज बसल्याबसल्या दहा मिनिटे तारा जुळवीत असे, आणि मी तेवढ्यात वर्तमानपत्र संपवीत असे. पण चार वर्षांत झेंडूचे फूल वाहताना मी एकदाही तार छेडून पाहिली नव्हती.

"आजीचा सा कुठला होता?" रेवाने विचारले.

"पांढरी दोन."

"म्हणजे?"

"डी," लेक दारातून म्हणाली. तिचे हात ओले होते.

"डी? मग डी माझ्याकडे आहेच!" रेवाने वाद्य मांडीत घेतले आणि खुंटी पिळू लागली. ओढत, थांबत, फोनकडे बघत तिने एक तार डीला आणली, तिच्या शेजारची एला. "हा आजीचा सा, हा आजीचा प. आणि माझ्या पण या दोन ह्याच आहेत, आजोबा. मधल्या दोन." मग तिने बाहेरच्या दोन तारांवर बोट ठेवले. "ह्या मात्र वेगळ्या. ह्या कशा लावू?"

ती विचारून थांबली. खरेच थांबली, खुंटीवर हात ठेवून.

"तुझ्या शिकवण्याप्रमाणे लाव," मी म्हणालो.

"आत्ता नको," लेक म्हणाली. "वरची चढवताना तुटेल, जुनी आहे. उद्या नव्या आणू."

तेव्हा त्या रात्री दोनच तारा जुळल्या. रेवा उभी राहिली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतले आणि तिने नुसता सा लांबवला, गज संपेपर्यंत. मग प. मग पुन्हा सा. खालच्या मजल्यावर माणसे झोपलेली, म्हणून फार हळू. गजाला राळ कमी पडत होती, सूर खरखरत होता. तिने पेटीच्या कोपऱ्यातली राळ काढली. ती एका जुन्या कालनिर्णयच्या पानात गुंडाळलेली होती, आणि पानाच्या मागे आमच्या हिच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता.

"हा कागद टाकू, आजोबा?"

"नको," मी म्हणालो. "राळ लावून झाली की त्यातच गुंडाळून ठेव."